सात नंबरवरचं जोडपं

"सात नंबरवर नवरा-बायको आहेत," आमचा वेटर लंबू माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला. "बाहेर गोडाच्या वेळी त्यांना शेजारी-शेजारीच बसवा, ताई. एक प्लेट, दोन चमचे पुरतील."

मी बारपाशी उभी होते. बारवाला बर्फ ठेचत होता, त्या आवाजात मला अर्धंच ऐकू आलं आणि मी सवयीने "बरं" म्हणून टाकलं. मग मान वर केली. सात नंबर म्हणजे समुद्राकडच्या काचेला लागून असलेलं, वेताच्या खुर्च्यांचं टेबल. त्या काचेवर खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर बसतो. रोज सकाळी पुसली तरी दुपारपर्यंत ती पुन्हा धुरकटते, आणि त्या धुरकट उजेडात बसलेली माणसं असतात त्यापेक्षा जरा बरी दिसतात. तिथे निळ्या ड्रेसमधली एक बाई बसली होती. आजचं जेवण तिच्यासाठीच होतं, तिची बढती होऊन दुसऱ्या शहरात बदली झाली होती. आणि तिच्या शेजारी बसलेला माणूस माझा नवरा होता.

लंबूला दोष देण्यात अर्थ नव्हता. तो आमच्याकडे लागून वर्ष झालं असेल, माझ्या नवऱ्याला त्याने कधी पाहिलेलं नाही. खरं तर इथल्या कुणीच पाहिलेलं नाही म्हटलं तरी चालेल. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत तो तपासनीस आहे, दिवसा कामावर असतो, आणि माझं काम सुरू होतं ते लोकांची कामं संपल्यावर. त्यातून त्याला समुद्र आवडत नाही, वाळू बुटात जाते म्हणतो. आठवडाभरापूर्वी फ्रिजचं दार उघडं धरून तो म्हणाला होता, "आमच्या ऑफिसचं निरोपाचं जेवण आहे, तुमच्याकडेच ठरलंय. पण तू माझी बायको आहेस हे तिथे बोलू नकोस हं. नाहीतर लगेच सुरू होतील, वहिनींना सांग, दोन पदार्थ वाढवायला सांग." मला ते पटलं होतं. गंमतही वाटली होती. आज इथे आम्ही परक्यासारखे वागत होतो. तो आत आला तेव्हा मी इतरांसारखंच त्यालाही "या, नमस्कार" म्हटलं होतं, आणि त्याने इतक्या गंभीरपणे मान हलवली की मला आत जाऊन हसावं लागलं. आता ते हसू आठवून स्वतःचाच राग आला. जिच्यासाठी कार्यक्रम होता त्या बाईसाठी मी समोरचं मोठं टेबल फुलं लावून ठेवलं होतं. तिने येता क्षणीच, "अय्या, नको नको, मला पुढे नको," म्हणून हात झटकले आणि तडक सात नंबर गाठला. किती साधी बाई आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

टेबलं वाचायची असतात हे लंबूला मीच शिकवलं. खासगी कार्यक्रम असला की मी लोक बसल्यावर एकदा नुसती फिरून येते आणि वाढणाऱ्या मुलांना एकेक टेबल सांगते. तीन नंबर भांडून आलेत, पाणी लवकर दे आणि मध्ये बोलू नकोस. पाच नंबर नवीन लग्न, त्यांना काही विचारू नकोस, ते अजून एकमेकांनाच विचारताहेत. नऊ नंबरवरचा माणूस दाराकडे तोंड करून बसलाय आणि सगळ्यात महाग ते मागवतोय, तिथे कुणाचंही नाव मोठ्याने घेऊ नकोस. मुलं हसतात, पण माझं ऐकतात, कारण माझं सहसा चुकत नाही. मुरलेलं जोडपं कसं ओळखायचं, असं लंबूने एकदा विचारलं होतं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "बोलण्याकडे बघू नकोस, ताटाकडे बघ. ज्याला जे नको ते तो दुसऱ्याच्या ताटात टाकतो, आणि टाकताना बघत नाही. दुसराही बघत नाही. पाण्याचा ग्लास चुकून दुसऱ्याचा उचलला आणि तरी तसाच पिऊन टाकला, की समजायचं." कॉलेजातल्या बाईंसारखी बोलले होते मी. आता तो गुणी विद्यार्थी पहिला नंबर मिळवून समोर उभा होता आणि मी त्याला शाबासकी द्यावी म्हणून वाट बघत होता.

मी बघितलं. बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. टेबलावर अख्खा भाजलेला मासा होता, आमच्या शेगडीवर साल कुरकुरीत होईपर्यंत भाजतात तो. नवरा पलीकडच्या कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होता, लिफ्टचे दोर किती वर्षांनी बदलावेत वगैरे. बोलता बोलता त्याने सुरीने माशाची साल सोडवली, एकसंध, न फाटता, आणि ती डावीकडे तिच्या ताटात नेऊन ठेवली. मान तिकडे वळली नाही. तिनेही पाहिलं नाही. तिने आपले बटाटे काट्याने सरकवून त्याच्या ताटात ढकलले, ती पलीकडे कुणाच्या तरी मुलीची परीक्षा कशी झाली ते विचारत होती. दोघांची बोलणी दोन दिशांना चालली होती आणि मधे ताटांचा व्यवहार बिनबोभाट चालला होता.

"ताई, बरोबर ना?" लंबूने विचारलं.

"बघते," मी म्हटलं.

साल. मला त्या सालीवरून नजर काढता येईना. लग्न झालं तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. मी तेव्हा इथे संध्याकाळी दाराशी उभी राहून लोकांना जागा दाखवायची, त्यामुळे दुपारी मोकळी असायची, आणि रविवारी तो मासे आणायचा. तव्यावर परतले की सालीचा कुरकुरीत भाग मी त्याच्या ताटात वाढायची. मला स्वतःला तो जीव की प्राण. पण आपल्याला सगळ्यात आवडतं ते दुसऱ्याला द्यायचं, याला मी त्या वयात प्रेम समजत होते, आणि तो मुकाट्याने खायचा. एकच स्टूल होतं, त्यावर ताट, आम्ही दोघं जमिनीवर. माझी आई आयुष्यभर बाबांचं जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवली. मी तिला म्हणायची, "मी नाही असं करणार. मी नवऱ्याबरोबर बसून जेवणार." आई म्हणायची, "बस हो, कोण नको म्हणतंय." मग इथे मला कार्यक्रमांचं काम मिळालं, लग्नाचे वाढदिवस, साखरपुडे, कंपन्यांची जेवणं, आणि मी रोज स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूला उभी राहून वाटीतून चमच्याने जेवायला लागले. समोर शंभर माणसं बसून जेवत असतात आणि मी उभी. आई आता असती तर काही बोलली नसती, नुसती गालातल्या गालात हसली असती.

तर सध्या आमचा संसार फ्रिजच्या आधाराने चालतो. मी रात्री घरी जाते तेव्हा तो झोपलेला असतो. इथलं उरलेलं, नवीन पदार्थ करून बघितलेला असेल तर त्यातलं थोडं, मी डब्यात भरून नेते आणि फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवते. सकाळी मी झोपलेली असते, तेव्हा तो डबा उचलून ऑफिसला जातो. मुलगी शिकायला बाहेर राहते, ती रात्री बाबालाच फोन करते, कारण आई फोन उचलत नाही हे तिला शाळेत असल्यापासून माहीत आहे. तिच्यावरही मी जराशी जळते, पण ती माझीच आहे, त्यामुळे तिथे चालून जातं. डबा संध्याकाळी धुऊन पालथा घातलेला असतो. तो नेहमी लख्ख रिकामा होऊन येतो याचं मला केवढं समाधान वाटायचं. माझ्या हातचं नसलं तरी माझ्या हाताने भरलेलं होतं ना. एवढं सगळं एकटा माणूस कसा संपवतो, हा प्रश्न मला, शंभर माणसांचा अंदाज उभ्या उभ्या बांधणारीला, एकदाही पडला नव्हता.

पुढे ऑफिसातल्या एका हौशी गृहस्थांनी माइक हातात घेतला. यांनीच आमच्याकडे जागा ठरवली होती, केकवर नाव कसं लिहायचं ते तीन वेळा फोन करून सांगितलं होतं. माइकला दोन टिचक्या मारून ते म्हणाले, "मंडळी, नाव घेऊन बोललो तर ओळखणार नाही कुणी. आपल्या वकीलबाई चालल्या! आता साहेबांशी भांडायचं कुणी?" सगळे टाळ्या वाजवायला लागले. निळ्या ड्रेसमधल्या बाईने तोंडावर हात घेतला.

वकीलबाई. हे नाव माझ्या घरात गेली कित्येक वर्षं राहत होतं. वकीलबाईने आज साहेबांना कसं गप्प केलं, वकीलबाई म्हणते की जिने चढणाऱ्याचे गुडघे उलट टिकतात, वकीलबाई आजारी होती त्यामुळे आज ऑफिस अगदी शांत. रविवारी अर्धा तास भेटायचो त्यात हे कानावर पडायचं. मी त्या बाईचं एक चित्र करून ठेवलं होतं, निवृत्तीला आलेली, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पिशवीत आवळ्याची गोळी, चढताना कठडा धरणारी. मला ती आवडायची सुद्धा. एकदा तिचा वाढदिवस आहे म्हणाला, तेव्हा मी आपण होऊन केकचा मोठा तुकडा कागदात गुंडाळून दिला होता, वर म्हटलं होतं, "बिचारीला कुणी असतं की नाही घरी, कोण जाणे." आणि ही बिचारी माझ्याच वयाची, उलट दोन-चार वर्षांनी लहानच, लांब मानेची, सरळ पाठीची, काचेच्या धुरकट उजेडात छान दिसत बसली होती. म्हातारी आहे असं तो मला कधीच म्हणाला नव्हता. मीच तिला म्हातारी केलं होतं, स्वतःच्या सोयीसाठी. आणि जाणार ती आहे हेही त्याने सांगितलं नव्हतं. "ऑफिसचं निरोपाचं जेवण" म्हणाला होता, फ्रिजमध्ये बघत.

सगळे हसत होते आणि तो हसत नव्हता. हातातल्या कागदी रुमालाची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता. तो हसला असता तर मला काही वाटलं नसतं. त्याच्या न हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्याकडे गोड टेबलावर देत नाहीत, ही आमची पद्धत. जेवण झालं की लोकांना बाहेर नेतो, माडांच्या सावलीत समुद्राकडे तोंड करून एकाच ओळीत लाकडी बाकं मांडलेली असतात, समोर बसकी टेबलं, आणि प्रत्येक जागेवर नावाची चिठ्ठी. कुणी कुणाशेजारी बसायचं ते मी ठरवते. जेवताना बघून घ्यायचं आणि बाहेर त्याप्रमाणे चिठ्ठ्या लावायच्या, की ज्यांना बोलायचं राहिलंय ते बोलतात आणि ज्यांचं फार झालंय ते सुटतात. लोक खूश होतात, म्हणतात इथे काहीतरी वेगळंच आहे. ते वेगळंच म्हणजे मी. तर मी चिठ्ठ्या घेऊन बाहेर गेले. ऊन कलायला लागलं होतं, वाळूवरून गरम वाफ येत होती. नवऱ्याची चिठ्ठी मी ओळीच्या या टोकाला ठेवली, त्या माइकवाल्या गृहस्थांशेजारी. तिची त्या टोकाला, शेवटच्या बाकावर. मधे पूर्ण ऑफिस. ठेवून झाल्यावर मला बरं वाटलं, लहानपणी बहिणीचा खडू मोडून ठेवल्यावर वाटलं होतं तसं.

लंबू प्लेटा घेऊन आला, चिठ्ठ्या बघून थबकला. "ताई, सात नंबरचं जोडपं…"

"ठेव प्लेटा," मी म्हटलं.

लोक येऊन बसले आणि माझी चूक मला दिसली, तशी ती सगळ्यांनाच दिसली. माइकवाले गृहस्थ ओळ बघत पुढे गेले, मागे आले, आणि मला म्हणाले, "अहो मॅडम, जिचा कार्यक्रम तिलाच कोपऱ्यात? हे काय?" एवढ्या वर्षांत माझ्या कामात कुणी असं बोट दाखवलं नव्हतं. तेवढ्यात ती बाई तिकडून हसून ओरडली, "राहू द्या हो! इथे वारा छान येतोय. मला कोपराच आवडतो." तिने मला वाचवलं. तिने मला वाचवावं याच्याइतकं झोंबणारं दुसरं काही त्या दुपारी झालं नसतं.

गोड साधंच होतं, साखर जाळून केलेलं कस्टर्ड. नवऱ्याने मऊ तेवढं खाल्लं आणि जळक्या साखरेचा कडवट भाग राखून ठेवला. मग त्याचा हात सवयीने प्लेट डावीकडे सरकवायला गेला. डावीकडे माइकवाले होते. ते प्लेटकडे बघायला लागले. "तुम्हाला हवंय का?" असं काहीतरी पुटपुटून त्याने प्लेट मागे घेतली, जरा वेळ तशीच मांडीवर धरून बसला, आणि मग चक्क उठला. प्लेट घेऊन त्या पूर्ण ओळीच्या पुढून, समुद्र आणि लोक यांच्या मधून, वाळूत बूट रुतवत चालत निघाला. जेमतेम अर्ध्यावर गेला असेल, तेव्हा त्याला माडाला टेकून उभी असलेली मी दिसले. तो थांबला. माझ्याकडे बघितलं, चिठ्ठ्यांच्या ओळीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. त्याला कळलं. मी नजर हटवली नाही. तो तसाच मागे वळला आणि जागेवर जाऊन बसला. मी जिंकले होते, आणि जिंकून अंगाचा तिळपापड होत होता, कारण त्या टोकाला ती आपल्या प्लेटला हातही न लावता समुद्राकडे बघत बसली होती.

सगळं आटोपल्यावर मी आत बेसिनपाशी टॉवेल बदलत होते तेव्हा ती हात धुवायला आली. आरशात आधी तिने मला पाहिलं. नळ बंद केला आणि वळून म्हणाली, "वहिनी, जेवण फार सुंदर होतं."

वहिनी या शब्दाइतका सोयीचा शब्द नसेल. एकदा वहिनी म्हटलं की सगळी दारं आपोआप बंद होतात, विचारायचं असतं ते विचारता येत नाही, आणि वर मान मिळाल्यासारखं तोंड करावं लागतं. मी तसं केलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो तर. म्हणून तर मी इथलाच हट्ट धरला. तो नको म्हणत होता." ती ओले हात पुसत मोकळेपणाने बोलत होती. "तुमचं सगळं जेवण मला पाठ आहे. आम्ही रोज एकाच डब्यात जेवतो ना दुपारी. मी आणते ती पोळी-भाजी इतकी बेचव असते की तो म्हणाला, दे टाकून, हे खा. तेव्हापासून. आज पहिल्यांदाच गरम खाल्लं. आम्हाला नेहमी गार मिळतं."

माझ्या मनात आलं, आणखी काय काय गार मिळतं तुम्हाला. पण म्हटलं, "आणि साल?"

"साल?" ती हसली. "मासा असला की ती माझीच. त्याला मुळीच आवडत नाही. घशात अडकते म्हणतो. तुम्हाला माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं. एका खोलीतल्या त्या सगळ्या रविवारी मी माझा जीव की प्राण त्याच्या ताटात वाढत होते आणि तो घशात अडकलेलं गिळत होता, आणि मला वाईट वाटू नये म्हणून कधी बोलला नव्हता. या बाईला मात्र त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असणार, नको मला, तू घे. हिचा मला हेवा वाटला तो त्या क्षणी, खराखुरा, डोळ्यांत पाणी आणणारा. हिच्याशी त्याला चांगलं वागावं लागत नव्हतं.

ती जरा घुटमळली. "एक सांगू? रागावू नका. मी गेल्यावर तो दुपारी नीट जेवणार नाही. नुसता चहा पीत बसेल. जरा लक्ष ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं. माझ्या नवऱ्यावर लक्ष ठेवायला मला ही सांगत होती! तिने माझा हात दाबला, तिचा हात अजून थंड होता, आणि ती गेली. बाहेर तिच्यासाठी गाडी आली होती. लोकांनी तिला घेरलं, बायकांनी मिठ्या मारल्या, कुणीतरी हातात फुलं कोंबली. नवरा मागे उभा होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने नुसता हात वर केला, तिनेही केला. एवढंच. मी काचेतून बघत होते आणि वाट बघत होते, की काहीतरी होईल, म्हणजे मला निदान धरता येईल. काही झालं नाही.

ऑफिसची बस गेली, तो गेला नाही. आत येऊन सात नंबरवरच बसला. मुलांनी दोन टेबलं जोडून आमची जेवणं मांडली होती, संध्याकाळचे लोक येण्याआधी आम्ही उरकून घेतो. मी शेगडीपासून माझी वाटी उचलली, नेहमीसारखा एक चमचा तोंडात घातला, आणि मग वाटी घेऊन बाहेर आले नि त्याच्यासमोर बसले. मुलं वळून बघायला लागली. ताई बसलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"तू जेव थोडं," मी त्याला म्हटलं.

"माझं झालंय गं."

खरंच की. तो माझ्यासमोरच जेवला होता. लंबू पाण्याचा जग घेऊन आला आणि माझ्याकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत उभा राहिला. "हे माझे मिस्टर," मी म्हटलं. लंबूचा चेहरा बघण्यासारखा झाला. "सॉरी ताई. मी… चुकलो मी."

"नाही चुकलास. जा, जेवून घे."

तो गेल्यावर मी पाहिलं तर नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आवाज नाही, काही नाही, नुसतं वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. त्याची आई गेली तेव्हा तो असा रडला होता, त्यानंतर आजच.

"ती गेली म्हणून?"

"हो."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, डोळ्यात वाळू गेली. हा सरळ हो म्हणाला.

"काय होतं तुमच्यात?"

त्याने विचार केला. "जेवायचो आम्ही."

"एवढंच?"

"एवढंच." मग म्हणाला, "पण रोज."

मला ते खरं वाटलं, आणि खरं वाटल्यामुळेच काही करता येईना. प्रकरण असतं तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. मी ओरडले असते, बहिणीला फोन केला असता, त्याचे कपडे दाराबाहेर टाकले असते, लोकांनी माझी बाजू घेतली असती. जेवणावरून कुणाकडे तक्रार करायची? वाटीतलं निवत चाललं होतं. मला त्याचं सांत्वन करायला हवं होतं, कारण दुसरं कुणी तिथे नव्हतं, आणि दुसऱ्या बाईसाठी रडणाऱ्या नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायला माझा हात उठत नव्हता. तोंडून निघाला तो प्रश्नच, अगदी लहान मुलीचा असतो तसा. "मी गेले बदली होऊन, तर रडशील असा?"

त्याने लगेच हो म्हणावं. एवढंच हवं होतं. खोटं चाललं असतं. पण ज्या बाईला त्याने साल आवडत नाही ते सांगितलं होतं, तिच्या सोबतीने त्याला खरं बोलायची सवय लागली असावी. तो माझ्याकडे बघत राहिला, टोमणा मारायचा म्हणून नव्हे, खरंच विचार करत, आणि म्हणाला, "तू गेलीस तर मला रात्रीपर्यंत कळणारच नाही गं."

आणि मग, "रात्रीसुद्धा कदाचित नाही. सकाळी फ्रिज उघडल्यावर."

बाहेर गाड्या थांबल्याचा आवाज आला, दारं आपटली, बायकांची हसणी ऐकू आली. संध्याकाळचा साखरपुडा. मी खुर्ची मागे सरकवून अर्धी उठलेही होते, पाय आपोआप उठतात माझे. लंबू धावत आला. "ताई, आले. फिरून येता ना एकदा? मुलं विचारताहेत."

"तूच फिर."

"मी? आणि चुकलो तर?"

"तर चुकलास. जा."

मी परत बसले. नवऱ्याने नाक पुसलं. "जा ना तू. तुझे लोक आलेत."

"येऊ देत."

आम्ही समोरासमोर बसून राहिलो. मागे मुलं पायघड्या अंथरत होती, बारवाला पुन्हा बर्फ फोडायला लागला होता. मला त्याच्याशी बोलायचं होतं आणि काय बोलायचं ते सुचत नव्हतं. दूध संपलंय, मुलीचा फोन आला होता का, गॅसवाला येऊन गेला का, एवढंच ओळीने डोक्यात येत होतं. त्यालाही सुचत नव्हतं, तो मिठाची बाटली इकडून तिकडे करत होता. आणि ती, त्या तिकडे गाडीत बसलेली, तिला रोज सुचायचं. इतकी वर्षं, रोज दुपारी, माझा डबा मधे ठेवून. मला तिचा काटा, तिची मान, तिचा ड्रेस, काही नको होतं. ते बोलणं हवं होतं मला.

"ती काय बोलायची रे," मी विचारलं, "जेवताना?"

"कशाला आता."

"सांग ना."

त्याने माझ्याकडे बघितलं, मी रागाने विचारतेय की कसं, ते बघत. मी रागानेच विचारत होते. तरी तो म्हणाला, "काही नाही गं, असंच. तिच्या खालच्या मजल्यावर एक मास्तर राहतो, त्याचं आणि हिचं पाण्यावरून भांडण…" आणि थांबला. मग पुन्हा बोलायला लागला, आधी अडखळत, मग भराभर, हातवारे करत. तो मास्तर कसा चालतो ते त्याने बसल्या बसल्या करून दाखवलं. डोळे अजून ओले होते आणि तो हसत होता. मी त्याला असं गोष्ट सांगताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं. एकेक शब्द तिचा होता, हसायच्या जागाही तिच्याच होत्या. मी जळत होते, अगदी आतून बाहेरून जळत होते, आणि उठत नव्हते.

मधेच त्याला वाटलं, फार झालं, आणि तो गप्प झाला.

"मग?" मी म्हटलं. "मग त्या मास्तराचं काय झालं?"